शिट्टीचा माग काढताना

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याने निघाले की दक्षिण सोलापूर तालुक्यातले मंद्रूप लागते. समजा, या गावातल्या एखाद्या तरुणाने गिटारसाठी घरच्या घरी फझ पेडल बनवले. सोलापूरच्या बाजारातून दोन ट्रान्झिस्टर, चार-सहा रेझिस्टर, तीन-चार कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणली. एका डब्याला भोके पाडली आणि रात्री जागून सोल्डरिंग केले. पेडल अँप्लिफायरला जोडून बटण दाबले, आणि गिटारच्या तारेला हात लावायच्या आतच ‘कुंईऽऽ’ अशी कर्कश शिट्टी सुरू झाली.

अशा वेळी पहिला संशय जातो तो सुट्या भागांवर. ट्रान्झिस्टर बदलला जातो, मग कपॅसिटर बदलला जातो, त्यासाठी सोलापूरची आणखी एक फेरी होते. शिट्टी मात्र हटत नाही. कारण बहुतेक वेळा पेडलमध्ये खराब असे काही नसतेच. प्रत्येक भाग आपले काम चोख करत असतो. चुकलेली असते ती आवाजाची वाट. बाहेर पडलेला आवाज कुठून तरी परत आत शिरत असतो. ती चोरवाट शोधणे हीच खरी दुरुस्ती.

हे फक्त गिटारवाल्यांपुरते नाही. कीर्तनाच्या मंडपात माईक ओरडतो तेव्हा आणि आजोबांच्या कानातले श्रवणयंत्र शिट्टी मारते तेव्हाही हेच घडत असते. म्हणून पेडलच्या निमित्ताने ही शिट्टी समजून घेणे कोणालाही उपयोगी पडेल.

मुद्दाम बिघडवलेला आवाज

फझ म्हणजे गिटारच्या स्वच्छ सुराला आणलेला खरखरीत, मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा जाड आवाज. त्याचा जन्मच एका बिघाडातून झाला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या गिटारचा सूर फाटून आला. फाटका सूर गाण्यात तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये ते गाणे गाजले. ध्वनिमुद्रण करणारे अभियंते ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ते वाजले आणि जगभर पोहोचले. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीचे गोल तव्यासारखे ‘फझ फेस’ आले. त्यात जेमतेम दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग असतात. म्हणूनच आजही घरी पेडल बनवणारे बहुतेक जण याच सर्किटपासून सुरुवात करतात.

आपल्याकडे वरातीत आणि मिरवणुकीत वाजणारा बँजो म्हणजे विजेवर चालणारा बुलबुल तरंगच. त्यालाही गिटारसारखाच पिकअप बसवलेला असतो. तेव्हा हे पेडल त्यालाही जोडता येते, आणि त्याची दुखणीही तीच राहतात.

फझचे काम समजायला साधे गणित पुरते. पिकअपमधून येणारा विद्युतसंकेत साधारण एक दशांश व्होल्टचा असतो. पेडल तो काही शे पटींनी वाढवू पाहते. तीनशे पट धरली तर तीस व्होल्ट व्हायला हवेत. पण बॅटरी आहे नऊ व्होल्टची. त्यामुळे लाटेचे वरचे आणि खालचे टोक कापले जाऊन ती सपाट होते. ही काटछाट म्हणजेच फझ. त्यासाठी संकेत इतका वाढवावा लागतो आणि तिथेच शिट्टीचे बीज पेरले जाते.

झोका आणि धक्का

अँप्लिफायर स्वतःच वाजायला लागण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. बाहेर गेलेल्या संकेताचा पुरेसा वाटा परत आत यायला हवा आणि तो योग्य वेळी यायला हवा. झोक्यासारखेच हे आहे. झोका पुढे निघालेला असताना हलका धक्का दिला तर तो चढत जातो, उलट वेळी दिला तर थांबतो. हाइनरिश बार्कहाउझेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये ही अट गणितात मांडली. आजही ती त्यांच्याच नावाने शिकवली जाते.

आता पेडलकडे पाहू. ते संकेत पाचशे पट वाढवत असेल, तर बाहेर आलेल्या संकेताचा फक्त पाचशेवा भाग परत आत शिरला तरी चक्र पूर्ण होते. मग बाहेरून काहीच यावे लागत नाही. सर्किटमध्ये नेहमीच असणारी बारीकशी सळसळ एकदा फिरून येते, वाढते, पुन्हा फिरते. डोळ्याचे पाते लवायच्या आत तिची शिट्टी होते.

दोन ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये आणखी एक गंमत आहे. पहिला ट्रान्झिस्टर लाट उलटी करतो, दुसरा ती पुन्हा उलटवतो. दोनदा उलटली म्हणजे सुलटी झाली. त्यामुळे बाहेरचा संकेत आत गळला तर तो मूळ संकेताला ढोबळमानाने साथच देतो.

हा पाचशेवा भाग परत येतो कसा? त्यासाठी तार जोडलेली असावी लागत नाही. शेजारून जाणाऱ्या दोन तारा म्हणजे एक नकळत बनलेला छोटा कपॅसिटरच. मधल्या हवेतून संकेत एकीकडून दुसरीकडे झिरपतो. त्याची कंपने जितकी जलद, तितके झिरपणे सोपे. म्हणून अशी गळती बहुधा उंच, कर्कश शिट्टीच्या रूपाने ऐकू येते.

आधी ऐका, मग उघडा

सोल्डरिंगची गन हातात घेण्याआधी कानांनी निदान करता येते. त्यासाठी आवाज अगदी कमी ठेवावा आणि हेडफोन लावू नये. पहिली गोष्ट म्हणजे गिटारची वायर पेडलमधून काढून पाहणे. शिट्टी थांबली तर ती कदाचित स्पीकर आणि गिटार यांच्यातली असेल. अशा वेळी स्पीकरपासून लांब उभे राहिले, तोंड फिरवले की फरक पडतो. गिटार काढूनही शिट्टी चालूच राहिली तर चोर डब्यातच आहे.

आवाजाची जातही बरेच सांगते. उंच शिट्टी असेल तर आत येणारी आणि बाहेर जाणारी तार जवळ आल्याचा संशय घ्यावा. ‘फट्-फट्-फट्’ असा इंजिनाच्या नावेसारखा आवाज असेल तर बॅटरी किंवा वीजपुरवठ्याच्या वाटेवर संशय घ्यावा. संथ, एकसुरी घूं-घूं असेल तर ती शिट्टीची बहीण नव्हेच. ती घरातल्या विजेची गुणगुण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, म्हणून ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. ओळखायची खूण सोपी आहे. पेडलचे बटण फिरवून पाहावे. सूर चढला-उतरला तर सर्किट स्वतः वाजते आहे. सूर तोच राहून फक्त कमी-जास्त झाला तर गुणगुण बाहेरून येते आहे.

चक्राला सुरुवात नसते

रेडिओ बंद पडला तर मेकॅनिक एका टोकाकडून सुरुवात करून आवाज कुठे हरवतो ते शोधतो. शिट्टीच्या बाबतीत ही पद्धत फसते. संकेत गोल फिरत असल्यामुळे कुठेही कान लावला तरी शिट्टीच ऐकू येते. गोलाला सुरुवात नसते. म्हणून इथे ऐकण्यापेक्षा चक्र तोडून पाहणे कामाला येते.

त्यासाठी एक मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर पुरतो. त्याचे एक टोक ग्राउंडला जोडावे आणि दुसरे टोक पेडलच्या आत येणाऱ्या जॅकला टेकवावे. संकेत कपॅसिटरमधून ग्राउंडला जातो, पण ट्रान्झिस्टरला लागणारा स्थिर व्होल्टेज हलत नाही. शिट्टी थांबली तर गळती आतल्या वाटेवर येते आहे. म्हणजे तारा, जॅक किंवा पायाने दाबायचा स्विच तपासावा. थांबली नाही तर कपॅसिटर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला टेकवावा. आता थांबली तर चक्र बोर्डावरच फिरते आहे, किंवा वीजपुरवठ्याच्या तारेतून. तरीही थांबली नाही तर पेडलला दोष देण्याआधी अडॅप्टर आणि अँप्लिफायर बदलून पाहावा. काही स्वस्त अडॅप्टर स्वतःच बारीक शिट्टी पाठवत असतात.

हा नियम एकच आहे: एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि शिट्टी गेली, तर ती कशामुळे गेली हे कळत नाही. मग ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नेहमीचे चोर

पहिला चोर म्हणजे तारा. घरी बनवलेल्या पेडलमध्ये पायाचा स्विच हा सर्वांत अवघड कोपरा असतो, कारण आत येणारी आणि बाहेर जाणारी तार तिथेच एकमेकींना भेटतात. पेडल चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीने एकेक तार हलवून पाहावी. तार हलताच सूर बदलला तर चोर सापडला. ती तार छोटी करावी, दुसरीपासून दूर न्यावी, आणि जमलेच नाही तर तिथे शिल्डेड वायर वापरावी. शिल्डेड वायरची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करणे पुरते. धातूचा डबाही ग्राउंडला जोडलेला हवा. टेबलावर उघडे पडलेले सर्किट शिट्टी मारते आणि डब्यात बसवून झाकण लावल्यावर गप्प होते, असेही घडते.

दुसरा चोर बॅटरी. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. मग दुसरा ट्रान्झिस्टर जास्त वीज ओढू लागला की पुरवठ्याचा व्होल्टेज डुलतो आणि ते डुलणे पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचते. ‘फट्-फट्’ आवाज इथूनच येतो. नवी बॅटरी लावून पाहावी. त्याबरोबरच बोर्डावर पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावावा. हे कपॅसिटर पाण्याच्या टाकीसारखे काम करतात. नळाची धार कमी-जास्त झाली तरी घरात पाणी सारखेच येते.

तिसरा चोर ग्राउंड. सगळ्या ग्राउंडच्या तारा एकाच ठिकाणी आणाव्यात. सोल्डरचा ठिपका निस्तेज, गोळ्यासारखा दिसला तर तो पुन्हा तापवून घ्यावा. नुसता चिकटलेला सांधा कधी जोडलेला असतो, कधी नसतो, आणि असा दोष माणसाला सर्वांत जास्त फिरवतो.

चौथा चोर म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाढ. जुन्या फझमधले ट्रान्झिस्टर साधारण शंभराच्या आसपास पट वाढ देणारे होते. आज सहज मिळणाऱ्या बीसी ५४७ चा ‘सी’ प्रकार ४२० ते ८०० पट देतो. आवाजात फारसा फायदा होत नाही, शिट्टीचा धोका मात्र वाढतो. त्यावर जुना उपाय असा: पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर. तो फार जलद कंपनांना उलट वेळी धक्का देऊन दाबतो. गिटारचा सूर त्यामानाने संथ असल्यामुळे बराचसा तसाच राहतो. ट्रान्झिस्टर बदलताना पायांचा क्रम मात्र पाहावा. बीसी ५४७ आणि २एन३९०४ दिसायला सारखे, पण त्यांचे कलेक्टर आणि एमिटर उलट बाजूंना असतात.

सोलापूरच्या उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या रेडिओतून काढलेले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर फझसाठी आवडीने वापरले जातात. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६२ पासून जर्मेनियमचे असे भाग देशात बनवायला सुरुवात केली होती. पण जर्मेनियममधून वीज थोडी गळत राहते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ती गळती साधारण दुप्पट होते. जानेवारीच्या पहाटे छान वाजलेले पेडल चाळीस अंशांच्या पुढच्या मे महिन्यात घुसमटल्यासारखे, तुटक वाजू शकते. ही शिट्टी नव्हे आणि बिघाडही नव्हे. मल्टिमीटरने दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा व्होल्टेज मोजावा. बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे साडेचार व्होल्टजवळ तो असला की ठीक. तो फारच सरकला असेल तर सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर जास्त भरवशाचे.

कानाला दुरुस्ती नाही

पेडलची नऊ व्होल्टची बॅटरी माणसाला इजा करत नाही. घरातल्या विजेवर चालणारा अँप्लिफायर किंवा अडॅप्टर मात्र माहितगाराशिवाय उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. शिशाचे सोल्डर वापरल्यावर जेवणाआधी हात धुवावेत आणि धूर नाकात जाणार नाही अशा हवेशीर जागी बसावे.

खरा धोका आहे तो शिट्टीचाच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सहन करावा, असे कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतली ‘नायॉश’ ही संस्था सांगते. दर तीन डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. हेडफोन लावून पेडल तपासताना शिट्टी अचानक सुटली तर सावरायलाही वेळ मिळत नाही. म्हणून आवाज शून्यावर ठेवून पेडल चालू करावे आणि मग हळूहळू वाढवावा. वाजवून झाल्यावर कानात बराच वेळ सूं-सूं होत राहिले तर तो कानाने दिलेला इशारा समजावा. ते थांबलेच नाही किंवा ऐकू कमी आले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.

आजोबांच्या कानातली शिट्टी

श्रवणयंत्रात माईक आणि स्पीकर एकमेकांपासून बोटभर अंतरावरही नसतात. यंत्र आवाज कितीतरी पट वाढवते. मध्ये अडसर असतो तो फक्त कानात बसवलेल्या साच्याचा. तो सैल झाला की आवाज कडेने निसटून माईककडे परत जातो आणि शिट्टी वाजते. घरातले लोक म्हणतात, आवाज कमी करा. आजोबा आवाज कमी करतात, मग ऐकू येत नाही, आणि काही दिवसांनी यंत्र डबीत जाऊन पडते. हजारो रुपये तर जातातच, पण माणूस हळूहळू गप्पांतूनही बाहेर पडतो.

इथेही पेडलचीच पद्धत लागू पडते. आधी चोरवाट शोधावी. साचा नीट बसला आहे का? तो जुना होऊन आक्रसला आहे का? कानात मळ साठला आहे का? मळामुळे आवाज आत न जाता परत फिरतो. मळ काडीने किंवा पिनेने कोरू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. टोपी, रुमाल किंवा फोन कानाजवळ आणल्यावरच शिट्टी वाजते का, तेही पाहावे. लहान मुलांचा कान वाढत असल्यामुळे त्यांचा साचा वेळोवेळी नवा करावा लागतो. नव्या डिजिटल यंत्रांत परत येणारा आवाज ओळखून त्याच्या उलट लाट सोडण्याची सोय असते. ती सोय नीट जुळवून देण्याचे काम श्रवणतज्ज्ञाचे. यंत्र डबीत ठेवण्याआधी त्यांची एक भेट नक्की घ्यावी.

निसर्गानेही हे चक्र वापरले आहे. आतल्या कानातही एक अँप्लिफायर असावा आणि तो कधी कधी स्वतःच आवाज काढत असावा, असे भाकीत थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये केले होते. तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक माईक बसवून कानातून बाहेर येणारा आवाज खरोखरच टिपला. आतल्या कानातल्या बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी येणाऱ्या कंपनांना योग्य वेळी धक्का देतात, म्हणून आपल्याला पानांची सळसळही ऐकू येते. बऱ्याच निरोगी कानांत ही वाढ इतकी काठावर असते की कान स्वतःच अतिशय मंद शिट्टी मारत असतो, मात्र ती आपल्याला जाणवत नाही. केम्प यांच्या शोधावर बेतलेली तपासणी आज अनेक रुग्णालयांत नवजात बाळांना केली जाते. बाळाच्या कानात हलका टिक-टिक आवाज सोडायचा आणि कान उत्तर देतो का ते ऐकायचे. बाळ झोपलेले असले तरी चालते.

मोठ्या आवाजाने सर्वांत आधी दुखावतात त्या याच केसपेशी. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पेडलचा ट्रान्झिस्टर जळाला तर थोडक्या पैशांत दुसरा बसतो. कानातल्या अँप्लिफायरचे सुटे भाग मात्र कोणत्याच बाजारात मिळत नाहीत.